ब्रुकलिनचे इमॅन्युएल सेलर: १९२४ साली हरले, १९६५ साली जिंकले

ओटीवरचा_दिवा

मामा मोठं घर विकून छोट्या फ्लॅटमध्ये चाललेत. त्यांचं कपाट आवरताना एक एरोग्राम हाती लागला. निळा, तीन घड्यांचा, घडीवर विरलेला. मार्च १९७१ मध्ये मामांनी न्यू जर्सीहून साताऱ्याला आजोबांना धाडलेला. थंडी, भाड्याची खोली, भात करायला झाकणाचं पातेलं मिळत नाही, असा सगळा मजकूर. शेवटी जागा संपली म्हणून समासात आडवं लिहिलंय: ‘इथे आता कुठल्या देशाचा हे आधी विचारत नाहीत, काय शिकलास ते विचारतात.’

हे ‘आता’ कशामुळे आलं, ते शोधायला बसले आणि इमॅन्युएल सेलर या माणसापाशी पोचले. आपली इतकी माणसं ज्या कायद्यामुळे अमेरिकेत आली, त्या कायद्याला यांचं नाव आहे, आणि आमच्या घरात ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून हा धागा.

सेलर ब्रुकलिनचे, डेमोक्रॅट पक्षाचे. जन्म ६ मे १८८८. आजी-आजोबा जर्मनीतून आलेले. वडिलांचा व्हिस्कीचा धंदा होता, घराच्या तळघरात व्हिस्कीचं मोठं पिंप असायचं. धंदा बुडाला तसे वडील दारोदार वाइन विकायला लागले. पोरगा कोलंबिया विद्यापीठात पहिल्या वर्षाला असताना वडील गेले आणि पाच महिन्यांत आईही गेली. घराची जबाबदारी अंगावर पडली. सकाळी कॉलेज, दुपारपासून संध्याकाळी सातपर्यंत वडिलांचीच वाइनची फेरी. असं करत १९१२ मध्ये कायद्याची पदवी घेतली. वकिली सुरू केली तेव्हा पहिली अशिलं आली ती याच फेरीतल्या घरांतली, नुकती बोटीवरून उतरलेली माणसं. त्यांचे कागद, त्यांच्या मागे राहिलेल्या बायकामुलांचे अर्ज. पुढचं सगळं आयुष्य मला या फेरीतूनच निघालेलं दिसतं.

१९२२ साली ते अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, प्रतिनिधीगृहावर निवडून आले. त्या मतदारसंघातून त्याआधी कधी डेमोक्रॅट निवडून आला नव्हता. गृहात बसून वर्ष झालं नाही तोच समोर आलं १९२४ चं स्थलांतर विधेयक.

इथे जरा थांबून सांगते, कारण त्यातली मेख साध्या आकड्यांत आहे. १९२१ च्या कायद्याने ठरवलं होतं की एखाद्या देशात जन्मलेले जितके लोक १९१० च्या जनगणनेत अमेरिकेत मोजले गेले, त्याच्या ३ टक्के माणसं त्या देशातून दरवर्षी येऊ शकतील. १९२४ च्या विधेयकाने ३ चे २ टक्के केले, ते एक वेळ सोडून देऊ. पण जनगणना घेतली १८९० ची! हातात १९२० ची ताजी जनगणना असताना ३४ वर्षं मागची. कारण एवढंच, की इटालियन, पोलिश, ग्रीक, रशियातले ज्यू हे लोक मोठ्या संख्येने आले ते १८९० नंतर. त्यांना मोजायचंच नाही, म्हणजे जागा द्यायला नको. इटलीचा कोटा ४२ हजारांवरून ३,८४५ वर आला. गृहाच्या स्थलांतर समितीचे अध्यक्ष होते वॉशिंग्टन राज्याचे अल्बर्ट जॉन्सन, आणि समितीने वंशशुद्धीचा ‘तज्ज्ञ’ म्हणून हॅरी लॉफलिन या माणसाला नेमलं होतं. कोणता वंश हीन आणि कोणता उच्च, याचे तक्ते तो समितीपुढे मांडायचा.

आपल्याकडच्या लोकांचा तर प्रश्नच नव्हता. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासकट आशियाच्या मोठ्या पट्ट्याला दार बंद झालं होतं. फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. १९२४ च्या कायद्याने नागरिकत्वाला अपात्र असलेल्या सगळ्यांनाच येण्याची बंदी केली.

सेलर यांचं गृहातलं पहिलं मोठं भाषण या विधेयकाच्या विरोधात झालं. १८९० च का, हा प्रश्न त्यांनी लावून धरला. शिकागोचे अ‍ॅडॉल्फ साबाथ, न्यूयॉर्कचे फिओरेल्लो ला गार्डिया हेही याच बाजूने झगडत होते. मतदान झालं: ३२३ विरुद्ध ७१. पाडाव झाला. २६ मे १९२४ रोजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांची सही झाली.

एखादा म्हणाला असता, झालं ते झालं, आता दुसरं काहीतरी बघू. सेलर याच्याच मागे ४१ वर्षं राहिले. आणि ही मधली वर्षं काही विजयाची नव्हेत. युद्धकाळात युरोपात ज्यूंची कत्तल चालली असताना व्हिसाची दारं बंद ठेवणाऱ्या परराष्ट्र खात्यावर त्यांनी जाहीर टीका केली. पण आपल्या हातून पुरेसं झालं नाही ही बोच त्यांना शेवटपर्यंत होती. १९५३ च्या आत्मचरित्रात त्यांनी एक प्रसंग दिलाय. एक थकलेला, म्हातारा रब्बी ब्रुकलिनहून वॉशिंग्टनला त्यांच्या कार्यालयात आला. हातात काठी, डोळ्यांतून पाणी. लाखो माणसं मारली जाताहेत, त्यातली काही तरी वाचवता येणार नाहीत का, एवढंच विचारत होता. सेलर यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडून ऐकलेलं उत्तर दिलं: बोटी सैनिकांना लागतात. त्यावर रब्बी म्हणाला, साठ लाख गुरं कापली गेली असती तरी याहून जास्त आस्था दिसली असती. हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं, त्या रात्री पुढे वाचवेना. आपण निरुत्तर झालो ते स्वतःच लिहून ठेवणं, याला धैर्य लागतं.

मग १९४६. सेलर आणि कनेक्टिकटच्या रिपब्लिकन क्लेअर बूथ लूस या दोघांच्या नावाचा कायदा. न्यूयॉर्कमधले कापडाचे व्यापारी, ‘इंडिया लीग ऑफ अमेरिका’चे अध्यक्ष जे. जे. सिंग यांनी त्यासाठी खासदारांचे उंबरे झिजवले. २ जुलै १९४६ ला राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सही केली. जवळजवळ ४० कोटींच्या हिंदुस्थानाला वर्षाला १०० जागा. आकडा बघून राग येतो. पण त्याच कायद्याने आधीपासून इथे राहणाऱ्या हिंदुस्थानी माणसाला नागरिक व्हायची मुभा मिळाली. बर्कलीतून गणिताची डॉक्टरेट घेऊन इम्पीरियल व्हॅलीत शेती करणारे दलीपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये सेलर यांच्याच सभागृहात निवडून आले, अमेरिकी काँग्रेसचे पहिले आशियाई वंशाचे सदस्य म्हणून.

१९४९ पासून, मधली दोन वर्षं सोडता, १९७३ पर्यंत सेलर गृहाच्या न्यायसमितीचे अध्यक्ष होते. मक्तेदारीविरोधी कायदा, राष्ट्राध्यक्ष अकार्यक्षम झाल्यास काय करायचं ती २५ वी घटनादुरुस्ती, ही कामं नुसती नोंदवून पुढे जाते. वंशभेदाला बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा मात्र तसा सोडता येत नाही. विधेयक सभागृहात कधी यायचं ते ठरवणाऱ्या नियम समितीत व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ ते दाबून बसले होते. सेलर यांनी ते बाहेर काढायला खासदारांच्या सह्यांची मोहीम सुरू केली, ओहायोचे रिपब्लिकन विल्यम मॅककलक यांना बरोबर घेतलं आणि १० फेब्रुवारी १९६४ ला २९० विरुद्ध १३० मतांनी ते गृहात मंजूर करून घेतलं.

पुढच्याच वर्षी १९२४ चा हिशेब चुकता झाला. नवं स्थलांतर विधेयक सिनेटमध्ये मांडलं मिशिगनचे फिलिप हार्ट यांनी, गृहात सेलर यांनी. मतं ३१८ विरुद्ध ९५. जन्मदेशाच्या कोट्याची पद्धत गेली. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशी सही केली, तेव्हा सेलर ७७ वर्षांचे होते. कायदा पूर्णपणे लागू झाला १ जुलै १९६८ पासून. मामा आले त्यानंतर अडीच वर्षांनी.

तुमच्या घरात त्या काळात कोण आलं? ऐकायला आवडेल.

मीठभाकर

१८९० च्या जनगणनेचा भाग दोनदा वाचला. वरून निव्वळ गणित आणि आतून सरळ द्वेष. असे कायदे ओळखायला वेळ लागतो, कारण त्यात शिवी कुठेच नसते.

जुना_खांब

ताई, मी १९७० साली आलो. व्हीजेटीआयचा मेकॅनिकल. ब्रीच कँडीला लिंकन हाउसमध्ये तेव्हा अमेरिकन वकिलात होती, तिथे मुलाखत. आम्ही सगळे ‘थर्ड प्रेफरन्स’वाले, म्हणजे शिक्षणाच्या जोरावर व्हिसा मिळालेले. हा शब्द आमच्यात इतका चालायचा की लग्नाच्या बोलणीतसुद्धा मुलीकडचे विचारायचे, थर्ड प्रेफरन्स का स्टुडंट? रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बरोबर ८ डॉलर नेता यायचे. विमानतळावर उतरलो तेव्हा खिशात ते आठ आणि आईने दिलेली मेतकुटाची पुडी. पहिल्या आठवड्यात मी ते मेतकूट नुसतं ब्रेडवर घालून खाल्लंय.

सेलर हे नाव आज पहिल्यांदा ऐकलं. ५० हून अधिक वर्षं या देशात काढली, त्यामुळे हे लिहिताना वाईट वाटतंय.

उंबरठा

लेख मनापासून आवडला, पण एक गोष्ट राहिलीय, आणि ती मोठी आहे. १९६५ च्या चर्चेत, आशिया-आफ्रिकेतून लोंढे येतील अशी भीती काहींनी घातली, तेव्हा सेलर यांनीच सांगितलं होतं की तिथल्या लोकांचे इथे नातेवाईकच फारसे नाहीत, त्यामुळे ते फार येणार नाहीत. म्हणजे आपल्यासाठी कायदा केला असं म्हणता येत नाही. त्यांच्या डोळ्यासमोर इटलीचे, ग्रीसचे, पूर्व युरोपातले लोक होते.

ओटीवरचा_दिवा

उंबरठा, बरोबर आहे, हे मूळ लेखातच यायला हवं होतं.

यातली जागांची वाटणी बघण्यासारखी आहे. सरकारने दिलेल्या आणि सेलर यांनी मांडलेल्या मूळ विधेयकात शिक्षण-कौशल्याला पहिला मान होता. ओहायोचे मायकेल फीघन स्थलांतर उपसमितीचे प्रमुख होते. त्यांनी तो क्रम फिरवला. अमेरिकेतले लोक बहुतेक युरोपीय वंशाचे, त्यांचे नातेवाईकही युरोपीयच असणार, तेव्हा नात्याला अग्रक्रम दिला की देशाचा तोंडवळा आहे तसाच राहील, हा हिशेब. शेवटी दर १०० जागांपैकी ७४ नातेवाइकांना, २० शिक्षण-कौशल्याला, ६ निर्वासितांना अशी वाटणी झाली. काका म्हणतात तो थर्ड प्रेफरन्स त्या विसातला अर्धा, म्हणजे १० टक्के.

त्या १० टक्क्यांतून इंजिनिअर, डॉक्टर आले, नागरिक झाले, आणि मग ७४ टक्क्यांच्या दाराने त्यांनी भावंडं आणली. भारतात जन्मलेले लोक अमेरिकेत १९६० मध्ये सुमारे १२ हजार होते, १९८० मध्ये दोन लाखांवर गेले. हे सेलर यांना दिसलं नव्हतं, फीघन यांनाही नव्हतं.

तरी श्रेय मी सेलर यांनाच देते. त्यांनी लावून धरलेलं तत्त्व असं की माणूस कुठे जन्मला यावरून त्याची किंमत ठरवायची नाही. एकदा हे कायद्यात आलं की कोण येणार हे लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही. आणि १९४६ चा कायदा तर त्यांनी थेट हिंदुस्थानी माणसांसाठीच केला होता, तेव्हा ब्रुकलिनमध्ये त्यांना मतं देणारे हिंदुस्थानी होतेच कुठे?

पागोळी

थिंड खटल्याचा उल्लेख आला म्हणून भर घालते. सर्वोच्च न्यायालयात थिंड यांचे वकील कोण होते माहितीये? सखाराम गणेश पंडित. १९१४ साली अमेरिकन नागरिक झालेले, कॅलिफोर्नियात वकिली करणारे.

थिंड हरले, आणि लगेच सरकारने आधी नागरिक झालेल्या हिंदुस्थानी लोकांची नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात केली. पंडितांवरही खटला भरला. स्वतःच्या खटल्यात त्यांनी वंशाचा वाद घातलाच नाही. ते म्हणाले, मी काही लपवून नागरिकत्व घेतलेलं नाही, न्यायालयाने विचार करून दिलंय. त्याच्या भरवशावर मी इथे वकील झालो, घर केलं. माझी बायको जन्माने अमेरिकन, माझं नागरिकत्व गेलं तर तिचंही जाईल. १९२६ मध्ये ते अपिलात जिंकले. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकायलाच नकार दिला, आणि सरकारने बाकीचे खटलेही सोडून दिले.

पण सॅन फ्रान्सिस्कोतले हिंदुस्थानी दुकानदार वैष्णोदास बगाई यांची तोवर सगळी वाटच बंद झाली होती. नागरिकत्व गेलं, त्याबरोबर मालमत्तेचा हक्क गेला, आणि १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. १९४६ च्या १०० जागांबद्दल बोलताना हे आठवावं. जागांपेक्षा ‘नागरिक होता येईल’ हे शब्द फार मोलाचे होते.

जुना_खांब

पागोळीताई, सखाराम गणेश पंडित! वहीत उतरवून घेतलं.

कातरवेळ

सेलर यांचं कौतुक वाचून बरं वाटलं, पण त्यांच्यामुळे अडलेल्या बायकांबद्दल कुणीच बोललं नाही. स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती त्यांनी न्यायसमितीत वीसेक वर्षं अडवून धरली. सुनावणीसुद्धा घेतली नाही. हॉवर्ड स्मिथ यांनी नागरी हक्क विधेयक दाबलं तसंच यांनी हे दाबलं. शेवटी १९७० मध्ये मिशिगनच्या मार्था ग्रिफिथ्स यांनी २१८ खासदारांच्या सह्या जमवून ते समितीच्या बाहेर काढलं आणि गृहात ३५० विरुद्ध १५ मतांनी ते मंजूर झालं. म्हणजे सभागृह तयार होतं, अध्यक्ष तयार नव्हते.

१९७२ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, ३० वर्षांची एलिझाबेथ होल्ट्झमन त्यांच्याविरुद्ध उभी राहिली. सेलर म्हणाले, ही तर दातकोरणीने वॉशिंग्टन स्मारक पाडायला निघालीय. होल्ट्झमन घरोघर, सिनेमाच्या रांगांतून मतदारांना भेटत राहिली. आमचे खासदार मतदारसंघात दिसतच नाहीत, हा तिचा मुद्दा लोकांना पटला. सुमारे ६०० मतांनी ती जिंकली.

ओटीवरचा_दिवा

कातरवेळ, यावर त्यांची बाजू घेणार नाही. कामगार बायकांना मिळालेली कायद्याची संरक्षणं या दुरुस्तीने जातील, असं ते म्हणायचे. १९२०-३० च्या दशकांत हा मुद्दा खरा होता, पुष्कळ कामगार संघटनांचंही तेच मत होतं. पण तुमचा मुद्दा पटत नसेल तर सुनावणी घ्या, हरवा. सुनावणीच नाही, याला काय म्हणायचं? स्वतः १९२४ मध्ये ७१ जणांत उभं राहिलेल्या माणसाने हे करावं याचं मला फार वाईट वाटतं.

आणखी एक खटकणारी गोष्टही सांगून टाकते. न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या वकिली कार्यालयाला दोन दारं होती. एका दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव, दुसऱ्यावर नाही. सरकारशी संबंध असलेली कामं दुसऱ्या दाराने जायची, म्हणजे खासदारकी आणि वकिली वेगळी ठेवली असं म्हणता यावं. त्यावर तेव्हाही टीका झाली होती, आणि ती रास्तच होती.

त्या होल्ट्झमनचं पुढे काय झालं तेही बघा. त्याच न्यायसमितीत बसून तिने १९७४ मध्ये निक्सन यांच्यावरच्या महाभियोगाच्या बाजूने मत दिलं, आणि १९८० च्या निर्वासित कायद्यात तिचा मोठा वाटा आहे. सेलर यांना हरवणाऱ्या बाईने त्यांचंच सर्वांत जुनं काम पुढे नेलं.

वळचण

हे सगळं वाचताना मला वेगळंच काहीतरी होतंय. १९६५ च्या कायद्याने पूर्व गोलार्धाला १,७०,००० जागा दिल्या आणि एका देशाला वर्षाला जास्तीत जास्त २०,००० अशी मर्यादा घातली. सगळे देश समान, म्हणून सगळ्यांना तीच. १९९० च्या कायद्यात ही मर्यादा एकूण जागांच्या ७ टक्के झाली. आज आम्ही ग्रीनकार्डच्या रांगेत उभे आहोत ते या मर्यादेमुळे. माझा अर्ज २०१३ चा. मुलगी सातवीत होती तेव्हा वाटलं होतं, तिच्या कॉलेजच्या आत होईल. ती २१ ची झाली, माझ्या अर्जातून तिचं नाव गेलं, आता ती स्टुडंट व्हिसावर आहे. दोन वर्षांची असल्यापासून इथे वाढलेली मुलगी.

शेजारी माझ्याच हुद्द्यावर दुसऱ्या देशाचा माणूस आहे, त्याला दोन वर्षांत कार्ड मिळालं. मामांनी लिहिलेली ती ओळ वाचली आणि गलबलून आलं. आम्हाला पुन्हा जन्मदेशच विचारतात.

ओटीवरचा_दिवा

वळचण, काय लिहू कळत नाही. सांत्वन करणार नाही, कारण तुमचं म्हणणं शब्दशः खरं आहे. सर्व देशांना सारखी मर्यादा ही १९६५ मध्ये न्यायाची गोष्ट होती, १९२४ च्या मापाला दिलेलं उत्तर होतं. तेच माप आज १४० कोटींच्या देशाला आणि आइसलँडला सारखं लावलं जातं.

उंबरठा

वळचण, मुलीच्या वयाचा प्रश्न कायद्याने सोडवायची विधेयकं अनेकदा आली आहेत, पार पडलेली नाहीत. तुमच्या खासदाराच्या कार्यालयात स्वतः जाऊन भेटा, फोनवर नाही. नागरिक नसलो तरी त्या मतदारसंघाचे रहिवासी म्हणून ऐकून घेतात. मी येतो बरोबर, जवळपास असाल तर निरोप करा.

वळचण

निरोप केलाय. धन्यवाद.

पागोळी

ओटीवरचा_दिवा, १९२४ चं ते भाषण कुठे वाचायला मिळेल?

ओटीवरचा_दिवा

काँग्रेसच्या कामकाजाचा वृत्तान्त सरकारी संकेतस्थळावर आहे, एप्रिल १९२४ चे खंड उघडा. छपाई बारीक आणि दोन रकानी, पण वाचता येतं. मी भाषणाचं मराठी करायला घेतलंय. पहिली चार पानं झाली की इथेच टाकते. काका, तुम्ही शुद्धलेखन तपासून द्याल ना?

जुना_खांब

देतो की. मोठ्या अक्षरात पाठवा.